रेझिनचा प्रिंटर प्लॅस्टरच्या टेबलापर्यंत कसा पोचला?

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर पीएचडी करायची म्हटलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: शोध कोणी लावला आणि कधी? थ्रीडी प्रिंटिंगचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. चक हल, अमेरिका, १९८४. उत्तर चुकीचं नाही. पण त्यावर प्रबंध उभा करायला गेलात तर लवकरच अडकाल, कारण या उत्तरातून पुढचा प्रश्नच निघत नाही.

पुढचा प्रश्न असा आहे. पेटंटचा अर्ज १९८४ ला झाला, मग दातांच्या छोट्या लॅबमधल्या टेबलावर हे यंत्र २०१५ च्या आसपास का आलं? मधली तीस वर्षं काय चाललं होतं? आणि आलं तेव्हा त्याच्याकडून सगळ्यात आधी मॉडेलचंच काम का करून घेतलं गेलं? डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे २००६ चं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेपासून न लिहिता वापरापासून लिहा, असं त्यांचं म्हणणं. ते तत्त्व म्हणून पटायला सोपं आहे. प्रत्यक्षात कसं करायचं, ते या एका उदाहरणावर दाखवते.

आधी मॉडेल म्हणजे काय ते बघू, कारण डेंटलबाहेरच्या वाचकाला इथेच अडायला होतं. कॅप बसवायची असो की कवळी करायची असो, डॉक्टर ट्रेमध्ये अल्जिनेट किंवा सिलिकॉन भरून तोंडात दाबतात. निघतो तो उलटा ठसा, म्हणजे माप. त्यात प्लॅस्टर किंवा डाय स्टोन ओतलं की सुलटा जबडा मिळतो. तेच मॉडेल. टेक्निशियनने पेशंटला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या लेखी पेशंट म्हणजे हा पांढरा-पिवळा दगड. त्यावरच तो मेण चढवतो, कॅपची कड तपासतो, वरचा-खालचा चावा जुळवतो. आणि कॅप बसली नाही की भांडणसुद्धा याच दगडावर होतं: माप चुकलं की काम चुकलं?

ही पद्धत फार जुनी. मेणात ठसा घेऊन त्यात प्लॅस्टर ओतायची रीत बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी १७५६ च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ते प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे दंतवैद्य. त्यानंतर ठशाचं साहित्य अनेकदा बदललं. १९२० च्या दशकात व्हिएन्नामध्ये अगार आलं. अगार यायचं जपानहून. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेनासं झालं आणि समुद्री शेवाळातूनच निघणारं अल्जिनेट त्याच्या जागी आलं, ते आजतागायत टिकलंय. ठसा बदलत गेला, पण ओतायचं ते जिप्समच राहिलं. अडीचशे वर्षं! स्वस्त, कडक, आणि जमताना जवळजवळ आकार न बदलणारं. चांगलं डाय स्टोन जमताना फुगतं ते साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास. रेझिनला हरवायचं होतं ते या आकड्याला, आणि रेझिन जमताना आकसतं. प्लॅस्टर फुगतं, रेझिन आकसतं, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक शोध, चार अर्जदार

आता १९८४ कडे. त्या तारखेच्या आसपास जरा खोदलं की एकाच्या जागी चार ठिकाणं दिसतात.

जपानमध्ये नागोयाच्या महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोडामा यांनी १९८० ला पेटंटचा अर्ज केला आणि १९८१ ला 'रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स'मध्ये लेख छापला. अर्जाची पुढची तपासणी ठरलेल्या मुदतीत मागितलीच गेली नाही, त्यामुळे पेटंट मिळालं नाही. अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या अॅलन हर्बर्ट यांनी १९८२ ला असाच लेख लिहिला, आणि कंपनीने ते काम पुढे नेलं नाही. फ्रान्समध्ये ले मेओते, द विट आणि आंद्रे या तिघांनी १६ जुलै १९८४ ला अर्ज केला. त्यांच्या मालकांना त्यात धंदा दिसला नाही म्हणून तो सोडून दिला. आणि ८ ऑगस्ट १९८४ ला, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांनी, कॅलिफोर्नियात चक हल यांनी अर्ज केला. ते अल्ट्राव्हायोलेट दिव्यांच्या कंपनीत कामाला होते. त्यांची पहिली छापलेली वस्तू मार्च १९८३ ची, डोळे धुवायची छोटीशी वाटी. पेटंट ११ मार्च १९८६ ला मिळालं, त्याच वर्षी थ्रीडी सिस्टीम्स ही कंपनी निघाली.

'पहिला कोण' हा वाद इथे मी घालणार नाही, त्यातून हाती काही लागत नाही. पण कोडामांचा लेख मिळवून वाचाच, आणि सारांशावर थांबू नका, आकृत्या बघा. त्यांनी तीन रचना काढल्या आहेत. पहिलीत प्रकाश वरून, मास्कमधून येतो आणि वस्तू द्रवात खाली बुडत जाते. तिसरीत ऑप्टिकल फायबर प्लॉटरवर फिरवून प्रकाशाने रेघा ओढल्यात. दुसरी आकृती मात्र बघताच ओळखू येते: प्रकाश टाकीच्या तळातून, मास्कमधून, आणि वस्तू थर-थर करत वर खेचली जाते. आज लॅबमध्ये टेबलावर जो एलसीडी प्रिंटर असतो, त्याचं हे जवळजवळ रेखाचित्र आहे. १९८१ चं! म्हणजे कल्पना तयार होती. ती पस्तीस वर्षं कागदावर का राहिली, हा संशोधनाचा प्रश्न.

महागडं यंत्र आणि फेकून द्यायची मॉडेल्स

हल यांच्या पद्धतीत टाकी भरून रेझिन लागायचं. वस्तू जेवढी उंच, तेवढी टाकी खोल, आणि ती कायम भरलेली ठेवायची. प्रकाश ३२५ नॅनोमीटरच्या हेलियम-कॅडमियम लेझरचा. हा लेझर महाग, आणि वापरता वापरता संपणारा. असली यंत्रं मोटार आणि विमानांचे सुटे भाग करणाऱ्यांनी घेतली. सहा माणसांच्या डेंटल लॅबला परवडायचा प्रश्नच नव्हता.

तरीही दातांच्या धंद्यात ती शिरली, फक्त मागच्या दाराने. १९९७ ला झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी सुरू केली. तारांऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी दात सरकवायचे, हा तो उद्योग. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी १९९८ ची. यात पट्टी स्वतः छापलेली नसते, हे अनेकांना माहीत नसतं. संगणकावर दात थोडे-थोडे हलवायचे, प्रत्येक टप्प्याचं मॉडेल रेझिनमध्ये छापायचं, त्यावर गरम प्लॅस्टिकचा पत्रा ओढायचा, पट्टी कापून घ्यायची आणि मॉडेल टाकून द्यायचं. एका पेशंटला अशी कित्येक मॉडेल्स लागतात. मोटारीच्या नमुन्यांसाठी घडलेलं यंत्र कचऱ्यात जाणारे जबडे छापायला लागलं, आणि या यंत्रांच्या जगातल्या मोठ्या वापरांपैकी तो एक ठरला.

(जाता जाता: संगणकावर दात हलवायचं हे काम सुरुवातीला लाहोरमध्ये चालायचं, आणि २००१ नंतर ते कोस्टा रिकाला गेलं. दातांच्या डिजिटल श्रमाचा भूगोल हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कोणीतरी घ्या.)

दुसरीकडे तोंडाच्या आत फिरवायचा स्कॅनर तयार होत होता. त्याची मुळं फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्युरे यांच्या १९७३ च्या प्रबंधात आहेत. हो, प्रबंधात, तेव्हा तुमच्या गाईडने विषय फार पुढचा आहे म्हणून नाक मुरडलं तर हे उदाहरण द्या. १९८५ ला झुरिचमध्ये मोरमन आणि ब्रांडेस्टिनी यांनी खुर्चीशेजारीच स्कॅन करून, दळून इनले बसवला. त्यात मॉडेल लागलंच नाही. आता मॉडेल संपणार, असं तेव्हापासून बोललं जातंय.

झालं उलटंच. स्कॅनर पसरला तशी मॉडेलची गरज वेगळ्या रूपात परत आली. डॉक्टरकडून आता ट्रे येत नव्हता, फाईल येत होती. पण टेक्निशियनला पोर्सेलिन चढवायला, चावा बघायला, शेजारच्या दाताशी संपर्क तपासायला हातात काहीतरी हवंच होतं. मग थ्रीएमच्या लाव्हा स्कॅनरची फाईल मॉडेलसाठी मध्यवर्ती कारखान्यात जायची आणि तिथे रेझिनचं मॉडेल छापलं जायचं. आयटेरो स्कॅनरची मॉडेल्स पॉलियुरेथेनच्या ठोकळ्यातून दळून यायची. दोन्हीकडे मॉडेल खोक्यातून, कुरिअरने लॅबला. थ्रीएमला हा स्कॅनर मिळाला तो २००६ ला एक कंपनी विकत घेऊन. ज्या कंपनीने १९८२ चं हर्बर्टचं काम सोडून दिलं होतं, तिलाच पंचवीसेक वर्षांनी रेझिनची मॉडेल्स लागली.

या टप्प्यावर नीट थांबा, कारण माझ्या मते सगळ्या कथेतला कळीचा भाग हा आहे. प्लॅस्टरच्या काळात मॉडेल डॉक्टरच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्येच ओतलं जायचं. स्कॅनरच्या पहिल्या पिढीत ते दोघांच्याही हातातून गेलं. मॉडेल कधी येणार, केवढ्याला, कोणत्या सॉफ्टवेअरमधून, हे तिसरीच कंपनी ठरवू लागली. छोट्या लॅबसाठी हा दणका होता. प्लॅस्टरचं पोतं कोणाकडूनही घेता येतं. कारखान्यातल्या मॉडेलला तसा पर्याय नव्हता.

टेबलावर आणलं कोणी?

२०११ ला एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या तिघांनी फॉर्मलॅब्स काढली. पुढच्या वर्षी त्यांनी किकस्टार्टरवर १ लाख डॉलर मागितले आणि दोन हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे २९ लाख दिले. यंत्राची किंमत ३ हजार डॉलरच्या आसपास. एवढं स्वस्त कसं झालं? एक कारण लेझरचं. ब्लू-रे डिस्कसाठी ४०५ नॅनोमीटरचे जांभळे लेझर डायोड घाऊक बनू लागले होते. सिनेमा बघण्यासाठी झालेली गुंतवणूक रेझिनच्या कामी आली. दुसरं कारण रचनेचं: प्रकाश खालून, वस्तू वर. कोडामांची दुसरी आकृती, फक्त मास्कच्या जागी लेझर. टाकीत बोटभर रेझिन पुरतं.

तिसरं कारण पेटंटचं, आणि इथे विद्यार्थी हमखास घसरतात. "मूळ पेटंट संपलं आणि यंत्र स्वस्त झालं" असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. हिशेब करून बघा. अमेरिकेत १९९५ ला मुदतीचा कायदा बदलला. तेव्हा चालू असलेल्या पेटंटांना मंजुरीपासून १७ वर्षं किंवा अर्जापासून २० वर्षं, यातलं जे जास्त ते मिळालं. हल यांचं मूळ पेटंट या हिशेबाने ऑगस्ट २००४ ला संपतं. मग २०१२ पर्यंत आठ वर्षं वाट कशाची? कारण मूळ पेटंटभोवती सुधारणांच्या पेटंटांचं कुंपण होतं. नोव्हेंबर २०१२ ला थ्रीडी सिस्टीम्सने फॉर्मलॅब्सवर दावा ठोकला तो १९९७ ला मंजूर झालेल्या पेटंटवर, आणि किकस्टार्टरलाही त्यात ओढलं. डिसेंबर २०१४ ला तडजोड झाली: विक्रीवर ८ टक्के रॉयल्टी. तेव्हा "पेटंट संपलं" लिहायच्या आधी कोणतं पेटंट, ते तपासा.

दातांच्या धंद्याला हे नवीन नव्हतं. १८६४ ला बोस्टनच्या जॉन कमिंग्ज यांना रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या कवळीचं पेटंट मिळालं. ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने घेतलं आणि दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करायला सुरुवात केली. खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून, परवाना नसलेल्यांवर दावे लावायचे. सॅम्युअल चॅलफंट नावाचा एक दंतवैद्य त्यांना चुकवत एका राज्यातून दुसऱ्यात गेला. एप्रिल १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात त्याने बेकनला गोळी घातली. बेकन मेला, चॅलफंट तुरुंगात गेला, आणि १८८१ ला पेटंट संपल्यावर रबराची कवळी सगळ्यांची झाली. २०१४ चा ८ टक्क्यांचा कागद त्यामानाने अगदीच सभ्य म्हणायचा. पण प्रश्न तोच: सामान्य कारागिराने हे साहित्य कोणाला पैसे देऊन आणि कोणाच्या परवानगीने वापरायचं?

मॉडेलच का?

माझं उत्तर साधं आहे. मॉडेल तोंडात जात नाही. जे तोंडात जातं, कॅप असो, कवळी असो, त्या साहित्याची शरीराला अपाय होत नाही ना, याची तपासणी लागते, कागदपत्रं लागतात, वर्षं जातात. मॉडेल टेबलावरच राहतं. बिघडलं तर पुन्हा छापा. नवखं यंत्र शिकायला यापेक्षा सुरक्षित वस्तू नाही.

यावर एक आक्षेप येईल, तो आधीच घेते. फॉर्मलॅब्सच्या डेंटल रेझिनचा क्रम बघितला तर सर्जिकल गाईडचं रेझिन २०१६ ला येतं आणि मॉडेलचं खास रेझिन २०१७ ला. गाईड तर तोंडात जातो! म्हणजे माझा मुद्दा खोटा? मला तसं वाटत नाही. गाईडसाठी खास तपासलेलं रेझिन असल्याशिवाय कोणी पाऊल टाकूच शकत नव्हतं, म्हणून कंपनीला ते आधी काढावं लागलं. मॉडेल मात्र साध्या करड्या रेझिनमध्येही छापता येत होतं. कॅटलॉग विक्रीचा क्रम सांगतो, वापराचा सांगतोच असं नाही. हा फरक जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या इतिहासात भेटतो.

अचूकतेचं काय? इथे १२० मायक्रॉन हा आकडा सतत भेटेल. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांच्या १९७१ च्या लेखातला आहे: कॅपच्या कडेला एवढी फट चालते. त्यांनी पाच वर्षांत हजाराच्या वर कामं तपासली होती. आकडा सिमेंट, धातू आणि प्लॅस्टरच्या काळातला, पण आजही प्रिंटरवरचे कित्येक लेख त्याचाच आधार घेतात. ५० मायक्रॉनचा थर आणि साधारण ४७ मायक्रॉनचा पिक्सेल असलेलं स्वस्त यंत्र या चौकटीत 'पास' होतं. पण पिक्सेलचा आकार म्हणजे अचूकता नव्हे. रेझिन आकसतं, हे वर म्हटलंच. घोड्याच्या नालेसारखा पूर्ण जबडा, आतून पोकळ, मागे आडवा पूल न ठेवता छापला तर दोन्ही टोकं हलतात. अल्कोहोलमध्ये जास्त वेळ धुतलं, क्युरिंग कमी-जास्त झालं, मॉडेल आठवडाभर उन्हाच्या खिडकीत राहिलं, तरी फरक पडतो. एक दाताच्या कॅपला हे जाणवत नाही, सहा दातांच्या ब्रिजला जाणवतं. म्हणून 'प्रिंटेड मॉडेल अचूक आहे का' या शीर्षकाचा लेख हातात आला की आधी बघा: एक दात की अख्खी कमान, आणि छापल्यावर किती दिवसांनी मोजलं.

शेवटची स्वस्ताई मोबाईलच्या पडद्यांमुळे आली. साडेपाच इंची एलसीडी पडदा मास्क म्हणून वापरायचा, खालून ४०५ नॅनोमीटरचे दिवे लावायचे. चिनी आणि तैवानी कंपन्यांनी २०१६ नंतर अशी यंत्रं काढली आणि किंमत काहीशे डॉलरवर आली. कोडामांचा मास्क अखेर प्रत्यक्षात आला.

आपल्याकडच्या लॅबमध्ये यामुळे काय हललं, हे मी पुण्यात आणि आसपास बघतेय. तालुक्याच्या गावातला डॉक्टर अल्जिनेटचं माप लांब पाठवू शकत नाही, ते सुकून आकसतं. म्हणून तो स्वतः प्लॅस्टर ओतून मॉडेल गुंडाळून पाठवतो. म्हणजे मॉडेल डॉक्टरचं आणि त्यावरचं काम लॅबचं. स्कॅनवाल्या डॉक्टरची फाईल येते तेव्हा मॉडेल लॅब छापते. जबाबदारीची रेघ सरकली! कॅप बसली नाही तर आता मॉडेलही लॅबचंच. १९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टमध्ये डेंटल मेकॅनिक हा वेगळा वर्ग धरलेला आहे. तो कायदा लिहिणाऱ्यांसमोर प्लॅस्टरचं टेबल होतं. धोकाही बदलला. पूर्वी प्लॅस्टर ट्रिम करतानाची धूळ, आता कच्च्या रेझिनने कातडीला होणारी अॅलर्जी. ग्लोव्हज घालायची सवय मात्र प्लॅस्टरच्या काळातली, म्हणजे नसल्यातच जमा.

कोणाला यावर काम करायचं असेल तर साधनांची अडचण आधीच सांगते. जुन्या डेंटल कॉलेजांच्या कपाटांत दशकांपूर्वीची प्लॅस्टरची मॉडेल्स नाव-नंबर घालून पडलेली सापडतील. २०१७ ला छापलेलं रेझिनचं मॉडेल शोधून दाखवा. काम झालं की ते फेकतात, राहिलं तर पिवळं पडून वाकतं, आणि फाईल कॉम्प्युटर बदलताना जाते. म्हणून लॅबमध्ये गेलात की मॉडेल मागू नका. रेझिनची बिलं मागा, कुरिअरच्या जुन्या वह्या मागा, आणि 'रीमेक'चं रजिस्टर असेल तर ते आधी मागा. कुठलं काम कधी परत आलं आणि दोष कोणाच्या नावावर लिहिला, ते त्यात तारखेनिशी असतं.